धायरी ते एरंडवणे : आकडी येणाऱ्या मुलीचा स्कूल बसचा प्रवास

हे प्रकरण एका मुलीचे नाही. पुण्यासारख्या शहरात स्कूल बस, शाळा आणि पालक यांच्यात पुन्हा पुन्हा उभे राहणारे प्रश्न एकत्र करून ते रचले आहे. औषधाचे आकडे या प्रकरणातल्या मुलीपुरतेच आहेत. दुसऱ्या मुलाचा डोस त्याच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचा असतो.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, वजन २२ किलो. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूच्या इजेचा हालचालींवर परिणाम झाल्यामुळे, उजवी बाजू कमजोर आहे आणि उजव्या पायात पोटरीपर्यंतची स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, असते. तिला तिसऱ्या वर्षापासून आकडी येते. आकडीसाठी सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरासिटॅम आणि रात्री क्लोबाझॅम ही औषधे चालू आहेत. महिना दोन महिने काही होत नाही, मग एखादी येते. आकडीचे रूप ठरलेले असते. उजव्या हाताची बोटे आखडतात, मान उजवीकडे वळते, मग सगळे अंग झटके देऊ लागते. दीड-दोन मिनिटांत थांबते आणि त्यानंतर ती अर्धा तास गाढ झोपते. एकदा मात्र झटके सात मिनिटे चालले होते आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले. ती एक नोंद पुढच्या साऱ्या नियोजनाचा पाया आहे.

शाळा एरंडवण्यात, साधी, मान्यताप्राप्त. बस ठेकेदाराची, २६ आसनांची मिनीबस. काका गाडी चालवतात, मावशी मुलांना चढवतात-उतरवतात. मुलगी धायरी फाट्यावर ६:५० ला चढते. वडगाव, माणिकबाग, आनंदनगर, विठ्ठलवाडी, राजाराम पूल करत बस ७:४५ च्या सुमारास शाळेत पोहोचते.

काय घडले

जानेवारीतल्या एका सकाळी माणिकबागेजवळ तिला आकडी आली. शेजारच्या मुलाने ओरडून सांगितले. मावशी धावल्या. दातखिळी बसली आहे असे वाटून त्यांनी एका डब्यातला स्टीलचा चमचा तिच्या दातांत घालायचा प्रयत्न केला. कोणीतरी तोंडावर पाणी मारले, कोणीतरी चप्पल नाकाशी धरली. काकांनी आरशात पाहिले आणि शाळा लवकर गाठावी म्हणून वेग वाढवला. मुलगी पट्ट्याखालून घसरत गेली आणि तिचे डोके खिडकीच्या आडव्या गजावर आपटत राहिले. पोहोचल्यावर पाहिले तर हलणारा दुधाचा दात तुटून जिभेखाली पडला होता.

तो दात श्वासनलिकेत गेला असता तर प्रकरण फार वेगळे झाले असते. आकडीत जीभ गिळली जात नाही, तशी ती गिळता येतच नाही. जीभ किंवा गाल चावला जातो आणि थोडे रक्त येते, पण ते भरून येते. चमचा, चावी, रुमाल, बोट यांपैकी काहीही तोंडात घातले की दात तुटणे, हिरडी फाटणे, उलटी घशात अडकणे असे नवे धोके तयार होतात. पाण्याचेही तेच, कारण शुद्ध नसलेल्या मुलाला गिळता येत नाही. कांदा आणि चप्पल यांनी आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबायचीच असते आणि श्रेय चपलेला जाते, म्हणून तो समज इतका टिकून आहे.

मावशींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मुलीला आकडी येते हे वर्गशिक्षिकेला माहीत होते, प्रवेश अर्जात लिहिलेले होते, पण बसपर्यंत ती माहिती पोहोचली नव्हती. आईला वाटले शाळेने सांगितले असेल, शाळेला वाटले ठेकेदाराशी बोलणे पालकांचे काम. काकांच्या वेग वाढवण्यामागेही कारण होते. उशीर झाला की ठेकेदार त्यांचे पैसे कापत असे.

दुपारी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वेळ चालली? मावशी म्हणाल्या दहा मिनिटे. शेजारचा मुलगा म्हणाला, सिग्नल सुटेपर्यंत. काकांच्या मते दोन-तीन मिनिटे. औषध वाढवायचे की नाही हे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडाच कोणाकडे नव्हता.

शाळेचे पत्र आणि स्कूटर

तिसऱ्या दिवशी शाळेचे पत्र आले. मुलीसोबत रोज एक पालक बसमध्ये बसेल तरच तिला नेऊ, नाहीतर पालकांनी स्वतःची सोय करावी. आई नोकरी करते, वडील सकाळच्या पाळीला. आईने मुलीला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडायला सुरुवात केली.

आमचे ठाम मत आहे की हा या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा निर्णय होता, आणि तो सुरक्षिततेच्या नावाखाली घेतला गेला. उजवा हात कमजोर असलेली, केव्हाही शुद्ध हरपू शकणारी मुलगी सिंहगड रस्त्यावर दुचाकीच्या मागच्या सीटवर! बसमध्ये आकडी आली तर तिच्याजवळ पट्टा, आसन, दोन मोठी माणसे आणि थांबता येईल असे वाहन असते. स्कूटरवर यातले काही नसते. 'आम्ही नेणार नाही' म्हटल्याने जोखीम नाहीशी होत नाही, ती शाळेच्या नोंदवहीतून उठून पालकांच्या स्कूटरवर जाऊन बसते.

कायद्याची बाजूही शाळेच्या पत्राच्या विरोधात होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना वाहतुकीची सोय द्यावी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनिसालाही, अशी तरतूद आहे. कायद्याच्या अनुसूचीतल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. आकडी स्वतंत्रपणे त्या यादीत नाही, आणि नुसती आकडी असलेल्या मुलांचे पालक इथेच अडतात. या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न आला नाही. पालकांनी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची तयारी ठेवली, पण आधी शाळेच्या परिवहन समितीची बैठक मागितली. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक शाळेत असावी लागते. अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि सोबत पालक, पोलीस, परिवहन विभाग, ठेकेदार यांचे प्रतिनिधी. बऱ्याच शाळांत ती कागदावरच असते. इथे ती भरली, आणि तिथूनच मार्ग निघाला.

बैठकीत ठेकेदार म्हणाला, 'मावशी काही नर्स नाहीत. त्यांनी काय ठरवायचे?' प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर असे की मावशींनी काहीच ठरवायचे नाही. बसमध्ये निर्णय घ्यायची वेळ येता कामा नये. किती मिनिटांनी काय करायचे, कोणाला फोन करायचा, गाडी कुठे थांबवायची, मुलीला कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे सगळे डॉक्टरांनी आणि समितीने आधीच लिहून ठेवायचे. मावशींच्या वाट्याला फक्त घड्याळ पाहणे आणि कागदावरची पुढची ओळ करणे.

एक पान

डॉक्टरांनी लिहिलेली योजना एका पानात बसवली. मोठ्या अक्षरात, मराठीत, वर मुलीचा फोटो. सुरुवातीला आकडी कशी दिसते ते दोन ओळींत, कारण तिची प्रत्येक आकडी सारखीच सुरू होते आणि हात आखडताच ओळखता आली तर तीस सेकंद मिळतात. त्याखाली वेळेचा उभा पट्टा.

शून्य मिनिट : मावशी गळ्यातले स्टॉपवॉच दाबतात आणि 'काका, बाजूला' एवढेच म्हणतात. काका इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घेतात, हँडब्रेक ओढतात, चारही दिवे लुकलुकत ठेवतात. पुलावर असतील तर पूल उतरूनच थांबायचे. मावशी मुलीच्या डोक्यामागे घडी केलेले जाकीट धरतात, हनुवटी छातीवर टेकू देत नाहीत, चष्मा काढतात, गळ्याचे बटण सैल करतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके चालू असताना पट्टा सोडायचा नाही. पट्टा सोडला की मूल दोन आसनांच्या मधल्या फटीत कोसळते आणि तिथून काढणे फार अवघड जाते. तोंडात फेस किंवा उलटी साचू लागली तर मात्र थांबायचे नाही, लगेच पट्टा सोडून कुशीवर घ्यायचे.

तीन मिनिटे : मावशींनी कमरेचे पाऊच उघडायचे, त्यातला आकडी थांबवायच्या औषधाचा स्प्रे हातात घ्यायचा, टोपण काढून ठेवायचे. द्यायचा अजून नाही. आकड्या बहुधा याआधीच थांबतात.

पाच मिनिटे : स्प्रे द्यायचा. त्याच वेळी काका १०८ ला फोन करतात.

पाच मिनिटांची रेघ मनाने ओढलेली नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटे उलटूनही सर्वांगाचे झटके चालू राहिले तर ते आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि वैद्यकशास्त्रात ती आणीबाणी धरली जाते. अर्ध्या तासापलीकडे मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून औषध द्यायची वेळ आधीच गाठायची.

काही गोष्टींत पाच मिनिटांची वाट पाहायची नाही, थेट १०८ : शुद्धीवर न येताच दुसरी आकडी, झटके थांबूनही ओठ निळे राहणे किंवा श्वास अडखळणे, डोक्याला जोरात मार. पानावर या तीन ओळी लाल चौकटीत आहेत.

झटके थांबले की पट्टा सोडायचा आणि मुलीला दोन आसनांच्या बाकावर कुशीवर झोपवायचे, गुडघे वाकवून, तोंड मधल्या वाटेकडे. पाठीच्या गादीकडे तोंड केले तर नाक दाबले जाते आणि मावशींना चेहराही दिसत नाही. पूर्ण जागी होऊन स्वतःचे नाव सांगेपर्यंत पाणी, बिस्किट, गोळी काही नाही.

स्प्रेचा तपशील

औषध मिडाझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे. सुई नाही, मुलाला श्वास ओढावा लागत नाही, दातखिळी असली तरी देता येतो. नाकातून देण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असते. २२ किलोला ते ४.४ मिलिग्रॅम होते, पण ती रात्री क्लोबाझॅम घेते आणि त्यानेही गुंगी येते हे धरून डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅम लिहिले. तिच्या बाटलीच्या एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम येते, म्हणजे आठ फवारे : चार एका नाकपुडीत, चार दुसऱ्या. पानावर मिलिग्रॅम छापलेच नाहीत, '४ + ४ फवारे' एवढेच आहे. त्याच औषधाच्या जास्त तीव्रतेच्या बाटल्याही बाजारात मिळतात. दुकानदाराने कंपनी बदलून दिली आणि पान तेच राहिले तर डोस दुपटीहून जास्त होऊ शकतो. म्हणून बाटलीचा फोटो पानावर आहे आणि शेजारी लिहिले आहे : 'बाटली अशी नसेल तर आईला फोन.'

नवी बाटली उघडल्यावर पहिले काही फवारे नुसती हवा सोडतात. धुके दिसेपर्यंत हवेत मारून ती तयार करावी लागते, आणि बरेच दिवस पडून राहिली तर पुन्हा. हे माहीत नसेल तर आठपैकी तीन-चार फवारे वाया जातात आणि 'औषध लागू पडले नाही' असा निष्कर्ष निघतो. तयारीचे हे काम आई दर सोमवारी सकाळी घरी करते, बसमध्ये ते करायला वेळ नसतो.

उष्णता हा पुण्यात मार्चपासून खरा प्रश्न. डॅशबोर्डवर किंवा प्रथमोपचार पेटीत ठेवलेली बाटली उन्हात उभ्या बसमध्ये भाजून निघते. पेटीचे दुसरे दुखणे असे की तिला कुलूप असते आणि किल्ली काकांच्या जुडग्यात. म्हणून स्प्रे मावशींच्या कमरेच्या पाऊचमध्ये, आत डबा गार ठेवायची चंदेरी पिशवी, बर्फ नाही. सकाळी थांब्यावर आई पाऊच मावशींना देते, मावशी वर्गशिक्षिकेला, दुपारी उलट. छोट्या वहीत प्रत्येक देवाणघेवाणीला सही. ही वही सुरुवातीला सगळ्यांना कटकट वाटली, पण पाऊच शाळेतच राहून गेल्याचे ज्या दुपारी लक्षात आले ते वहीतल्या रिकाम्या रकान्यामुळेच.

पाऊच नाही म्हणून मुलीला गाडीत घ्यायचे नाही, असा नियम ठेकेदाराने सुचवला होता. तो मान्य झाला नाही. त्याऐवजी डॉक्टरांनी लिहून दिले : पाऊच नसेल त्या दिवशी पाचऐवजी दोन मिनिटांनीच १०८.

औषध दिल्यानंतर मावशींचे काम छातीकडे पाहणे. मिडाझोलॅमने गुंगी येते आणि क्वचित श्वास मंदावतो. श्वास थांबला तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे, आणि म्हणून मावशी आणि काका दोघांनाही ते शिकवले गेले.

मावशींच्या मनातली भीती वेगळीच होती : 'औषध मी दिले आणि काही झाले तर?' मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले मदतकर्त्याचे संरक्षण वाहनाच्या अपघातापुरते आहे, आकडीला ते लागू होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ प्रमाणे मात्र बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांचे सहीचे पत्र त्यासाठी जोडले. त्याची एक प्रत मावशींच्या घरी आहे.

आसन

मुलगी आधी खिडकीशी बसायची. आकडीत खिडकीचे गज तिच्या डोक्याशी आणि शेजारच्या मुलाला ओलांडल्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचणे अशक्य. नवी जागा दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेलगत, मावशींच्या आसनासमोर. दारापाशी नको, कारण शुद्ध हरपून पायऱ्यांवर पडण्याचा धोका. शेवटच्या रांगेत नको, तिथे धक्के जास्त आणि आरशात दिसत नाही. पहिल्या रांगेत समोर लोखंडी आडवा दांडा होता, म्हणून तीही नाही.

शेजारचे खिडकीचे आसन रिकामे ठेवायचे ठरले, कारण मुलीला कुशीवर झोपवायला पूर्ण बाक लागतो. ठेकेदाराचा आक्षेप यावरच सगळ्यात जास्त होता. एका आसनाचे वर्षाचे भाडे जाते, ते कोण देणार? पालकांकडून दोन आसनांचे पैसे घ्यावेत अशी सूचना आली. आईने ती नाकारली आणि तिचे बरोबरच होते. अपंगत्वामुळे लागणाऱ्या सोयीचे बिल मुलावर फाडायचे नसते. शेवटी शाळेने ते भाडे वाहतूक निधीतून दिले. गजांना फोमची नळी बांधली, नळाला गुंडाळायची काळी नळी असते तीच.

आणखी एक बारकावा. बसचा पट्टा फक्त कमरेवरचा होता. स्प्लिंटमुळे तिचा उजवा पाय पुढे सरकतो, मग कंबर घसरते आणि पट्टा पोटावर येतो. पायाखाली ठोकळा पक्का बसवल्यावर ती सरळ बसू लागली. सरळ बसलेल्या मुलाची हनुवटीही छातीवर पडत नाही.

बसमधली बाकीची मुले

त्याच बसमध्ये अकरा वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे. जानेवारीच्या गोंधळात तो पट्टा सोडून दाराकडे धावला होता आणि अडवणाऱ्या मुलाला त्याने चावा घेतला. त्याला न कळलेली गोष्ट एवढीच होती की गाडीत अचानक काय चालले आहे. त्याच्यासाठी चार चित्रांचे कार्ड झाले : गाडी थांबली, मावशी मदत करतात, आपण बसून राहतो, गाडी सुरू होते. सोबत कान झाकायचे इयरमफ, कारण रुग्णवाहिकेचा भोंगा त्याला सहन होत नाही. महिन्यातून एकदा बस विनाकारण दोन मिनिटे थांबवून सराव होतो.

एका मुलीचा कीटोजेनिक आहार चालू आहे, तिच्याही आकड्यांसाठी. या आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदके मोजून मापून दिली जातात. बसमध्ये वाढदिवसाचे चॉकलेट वाटले जाते आणि मावशी प्रेमाने एक पेपरमिंट देतात. तेवढ्यानेही बसलेली घडी विस्कटू शकते. बसमध्ये खाऊ वाटणे बंद झाले, सगळ्यांसाठीच, म्हणजे एकीलाच नाही म्हणावे लागत नाही.

आठवीतला एक मुलगा घडीची व्हीलचेअर वापरतो. काका त्याला उचलून आसनावर बसवत आणि खुर्ची मधल्या वाटेत उभी करत. जोरात ब्रेक लागला तर ती खुर्ची मुलांवर जाते, आणि आणीबाणीच्या दाराची वाटही तिनेच अडते. ती आता मागच्या आसनाच्या पायाला दोन पट्ट्यांनी बांधली जाते. एखाद्या मुलाला खुर्चीतच बसून प्रवास करावा लागत असेल तर ही मिनीबस चालणारच नाही. त्याला लिफ्ट किंवा रॅम्प असलेली गाडी लागते, खुर्चीचे तोंड पुढे, खुर्चीच्या सांगाड्याला चार बाजूंनी चार पट्टे, आणि मुलाच्या खांद्या-कमरेला वेगळा पट्टा. चाकाला पट्टा बांधणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. चाक फिरते, काही वेळा निखळते, सांगाडा जागेवर राहतो. आडवी लावलेली खुर्चीही तितकीच धोक्याची, कारण धडकेत ती बाजूला कोसळते.

दहावीतल्या दोन ताईंना काम दिले : गाडी थांबली की लहान मुलांना जागेवर बसवून पुढून मागे हजेरी म्हणायला लावायची. आकडी आलेल्या मुलीला त्यांनी हात लावायचा नाही. मुलांवर इतकी जबाबदारी टाकणे योग्य नाही.

प्रशिक्षण

दीड तासाचे प्रशिक्षण उभ्या बसमध्ये झाले, वर्गात नाही. वर्गातल्या गादीवर कुशीवर वळवणे सोपे असते, दोन बाकांच्या मध्ये गुडघे अडकतात. मोठी बाहुली, पाणी भरलेली रिकामी स्प्रेची बाटली आणि पी.टी. सरांचे स्टॉपवॉच. मोबाइलचे स्टॉपवॉच मुद्दाम टाळले. घाईत लॉक उघडत नाही, आणि मोबाइल त्याच वेळी फोनसाठी लागतो. पहिल्या सरावात मावशींना मिनिटभरात 'पाच मिनिटे झाली असतील' असे वाटले. समोर झटके देणारे मूल असले की वेळ तसाच लांबतो, म्हणून घड्याळावर इतका भर.

काकांचा सराव फोनचा. १०८ वर पहिला प्रश्न ठिकाणाचा असतो, आणि 'सिंहगड रोडला आहोत' हे उत्तर पुरत नाही. काकांच्या पानावर मार्गाचे सहा टप्पे आहेत, प्रत्येकापुढे ओळखीची खूण आणि दिशा : स्वारगेटकडे जाताना की खडकवासल्याकडे. सांगायचे वाक्यही लिहिलेले आहे : 'नऊ वर्षांची मुलगी, आकडी पाच मिनिटांहून जास्त, नाकातून औषध दिले आहे.' त्याखाली मार्गावरची, लहान मुलांसाठी चोवीस तास आपत्कालीन विभाग असलेली दोन रुग्णालये. रुग्णवाहिकेला फार उशीर लागेल असे १०८ ने सांगितले तरच बस तिकडे वळवायची.

ठेकेदाराने लेखी दिले की वैद्यकीय कारणाने झालेल्या उशिराचे पैसे कापले जाणार नाहीत. आमच्या दृष्टीने हा कागद स्प्रेइतकाच महत्त्वाचा आहे. त्याच्याशिवाय काकांनी गाडी थांबवलीच नसती.

फेरी संपल्यावर मावशी शेवटच्या आसनापर्यंत चालत जातात आणि मागच्या काचेला 'गाडी रिकामी' अशी पाटी लावतात. आकडीनंतर गाढ झोपलेले मूल आसनांमध्ये दिसत नाही. बंद बसमध्ये, उन्हात, ते तसेच राहून गेले तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

दुसरी आकडी, आणि न सुटलेले

मार्चमध्ये विठ्ठलवाडीच्या कमानीजवळ तिला पुन्हा आकडी आली. स्टॉपवॉचवर एक मिनिट पन्नास सेकंद. स्प्रे बाहेर काढायचीही वेळ आली नाही. मुलगी कुशीवर झोपली, श्वास नीट होता, नऊ मिनिटांनी बस निघाली. शाळेच्या आजारी खोलीत ती झोपली आणि आई दहाला येऊन भेटली. डॉक्टरांना या वेळी आकडा मिळाला, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट. दोन्ही वेळा आदल्या रात्री झोप कमी झाली होती आणि सकाळचा डोस घाईत, बस येण्याच्या तोंडावर दिला होता. डोस आता उठल्या उठल्या दिला जातो आणि उलटी झाली तर आई थांब्यावर मावशींना सांगते.

परतीच्या फेरीचा नियमही तेव्हा पक्का झाला. आकडीनंतर मुलीला थांब्यावर नेहमीसारखे उतरवायचे नाही. यादीतल्या तिघांपैकी एक मोठी व्यक्ती समोर असेल तरच ताब्यात द्यायचे, नाहीतर शाळेत परत.

बदली मावशींचा प्रश्न सुटलेला नाही. मुख्य मावशी रजेवर गेल्या की ठेकेदार दुसऱ्या बसवरची मदतनीस पाठवतो, आणि तिला प्रशिक्षण नसते. दोन बदली मदतनिसांनाही शिकवायचे ठरले होते, त्यातली एक नोकरी सोडून गेली. तोपर्यंत बदलीच्या दिवशी एक शिक्षिका त्याच बसने येते. ही सोय शिक्षिकेच्या चांगुलपणावर चालली आहे, आणि तसे फार काळ चालू देणे बरोबर नाही.

गोपनीयतेचाही एक धक्का बसला. कोणीतरी योजनेच्या पानाचा फोटो बसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. चांगल्या हेतूने, पण मुलीचा आजार पंचवीस घरांत पोहोचला आणि एका पालकांनी आपल्या मुलाची जागा बदलून मागितली. आकडी संसर्गाने होत नाही हे त्यांना मुख्याध्यापकांनी समजावले. पान आता बंद पाकिटात, मावशी, काका आणि वर्गशिक्षिका या तिघांकडेच असते. इतर पालकांना फक्त एवढे कळवले आहे की वैद्यकीय गरज पडली तर बस थांबेल आणि उशिराचा संदेश येईल.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मुलीचे वजन पुन्हा करायचे आहे. ती २५ किलोची झाली असेल तर फवाऱ्यांची संख्या बदलू शकते. नवे पान डॉक्टरांच्या सहीने आले की जुन्या तिन्ही प्रती परत घेऊन फाडायच्या, बाटलीची मुदत पाहायची आणि आठवीतून नववीत गेलेल्या मुलांमुळे थांबे बदलले असतील तर काकांच्या पानावरचे टप्पे नव्याने लिहायचे.